नाशिकच्या गंगापूर रोडचं केअर सेंटर, भेटायला जाणाऱ्यांनी वाचा

आमच्या आत्या इथे असतात, पॅरालिसिसनंतर घरी उचलणं-बसवणं जमेना म्हणून. जेवण, स्वच्छता चांगलीये. पण माझा खरा विश्वास बसला तो भेटीचे नियम बघून. गेटवरच सिस्टर विचारतात ताप, खोकला, जुलाब काही आहे का, असेल तर सरळ परत पाठवतात आणि आत्यांना व्हिडिओ कॉल लावून देतात, परवा एक काका यावरून जाम भांडले पण सिस्टर हलल्या नाहीत आणि बरोबरच केलं त्यांनी, आपली साधी सर्दी 80 वर्षांच्या माणसाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते हो! हात साबणाने 20 सेकंद धुवायला लावतात, नुसतं सॅनिटायझर नाही, कारण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस नावाच्या विषाणूवर ते नीट चालत नाही. हे मला तिथल्या मावशींनी समजावलं.

खाऊ आधी सिस्टरला दाखवायचा. आत्यांना पातळ गिळताना ठसका लागतो म्हणून चहासुद्धा घट्टपणा आणणारी पावडर (थिकनर) घालून घट्ट करतात, ताठ बसवून चमच्या-चमच्याने देतात, घोट गिळला की मगच पुढचा. घाई अजिबात नाही. चिवडा-फरसाण नेऊच नका.

तक्रार एकच. रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये तोबा गर्दी आणि थंडीत सगळ्या खिडक्या बंद, नाशिकची जानेवारीची थंडी माहितीये पण एखादी तरी उघडी ठेवा ना प्लीज, हवा खेळायला पाहिजे. तोपर्यंत मधल्या वारी सकाळी जा, मास्क लावा आणि फ्लूची लस दरवर्षी घ्या.