कोळंबीच्या खाद्यात फिशमील की सोयाबीन पेंड?

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या पाण्याच्या जमिनीत, टायगर कोळंबी सोडणाऱ्याला खाद्याचा भाव आधी दिसतो. मी पोत्यावरची प्रथिनं आधी वाचतो. टायगरला साधारण ४० टक्के लागतात, व्हेनामी या दुसऱ्या जातीच्या कोळंबीचं ३५ वर भागतं.

फिशमील म्हणजे सुकवून दळलेली मासळी. तारलीसारख्या मासळीच्या चांगल्या फिशमीलमध्ये प्रथिनं ६० टक्क्यांच्या पुढे. शिवाय मेथिओनिन हे गरजेचं अमिनो आम्ल, ओमेगा-३ आणि कोलेस्टेरॉल आयतं मिळतं. कोलेस्टेरॉल महत्त्वाचं, कारण कोळंबीला ते स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही आणि कात टाकायला लागणारं संप्रेरक त्यापासूनच तयार होतं. फिशमीलच्या वासानेही ती खाद्याकडे लवकर वळते. खाद्य किती संपलं ते पाहायला पाण्यात ठेवलेलं तपासणीचं ताट दोन तासांनी वर काढा, फरक दिसेल.

सोयाबीन पेंड स्वस्त, प्रथिनं ४४ ते ४८ टक्के. पण मेथिओनिन कमी, कोलेस्टेरॉल नाही, आणि पेंडीतल्या फायटेट या घटकामुळे फॉस्फरस अंगी लागत नाही. ही उणीव वेगळी भरून काढावी लागते.

व्हेनामीला पेंडीचं प्रमाण वाढवलेलं चालतं. टायगर जास्त मांसाहारी. तिच्या खाद्यातलं फिशमील पैसे वाचवायला कापू नये, असं माझं ठाम मत आहे. नुसती पेंड मात्र कुणालाच घालू नका.