सिल्व्हर मॉलमधलं जुन्या पार्टचं दुकान आणि "लाइफटाइम" वॉरंटीची गंमत

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. अर्धी तक्रार आहे, अर्धं कौतुक आहे आणि माणूस भला आहे, उगाच कशाला कोणाच्या पोटावर पाय द्या. इंदूरचे लोक ओळखतील ते ओळखतील, आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये अशी दुकानं काय कमी आहेत का.

तर झालं असं की भाच्याला पीसी पायजे होता. पहिल्या वर्षाला आहे इंजिनिअरिंगच्या, अभ्यासाचं नाव पुढे आणि गेम मागे, ते काय आपल्याला कळत नाही असं नाही. ताई म्हणाली चाळीस हजाराच्या वर एक रुपया देणार नाही. नवीन रॅमचे भाव २०२५ च्या दिवाळीपासून असे काही चढले होते की नुसतं विचारलं तरी घाम फुटायचा, म्हणून मीच म्हणलं की चल, जुने पार्ट बघू. त्याचं लगेच सुरू, "मामा, पण वॉरंटीचं काय? जुन्या वस्तूला वॉरंटी असते का?" म्हणलं बघू, जाऊन विचारल्याशिवाय काय कळणार. त्या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला मला दीड महिना लागला.

दुकानात तेव्हा सहाव्या-सातव्या जनरेशनच्या इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसरवाल्या ऑफिसच्या डब्यांची, म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरांची, नुसती थप्पी लागलेली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला आठव्या जनरेशनच्या खालचा इंटेल, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, अधिकृतपणे चालत नाही, मग कंपन्यांनी गठ्ठ्यानं काढून टाकले आणि ते सगळं इथे आलं. स्वस्त आहेत, आईबाबांना यूट्यूब बघायला मस्त, पण आपलं काम ते नव्हतं. मालक चहा मागवतो, बसायला स्टूल देतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेस्टिंगचा बेंच आहे त्याच्याकडे, पार्ट लावून चालवून दाखवतो. ह्याचे पूर्ण मार्क.

वॉरंटी विचारली तर म्हणाला, "भिया, सात दिन की टेस्टिंग वारंटी अपनी तरफ से, बाकी कंपनी की लाइफटाइम है, टेंशन नी लेने का." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

प्रोसेसर घेतला एएमडीचा रायझन ५ ५६००, साडेसहा हजार. ह्याच्यात एक गोष्ट कित्येकांना माहीत नसते, की कंपनीच्या खोक्यात पॅक असलेला, डब्यातला प्रोसेसर वेगळा आणि ट्रे वाला, म्हणजे डब्याशिवाय सुटा येणारा, वेगळा. डब्यात येतो त्याला एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी, ट्रे वाल्याला कंपनी विचारत नाही, ज्याच्याकडून घेतला तोच बघणार. आणि डब्याची वॉरंटीसुद्धा कागदावर पहिल्या गिऱ्हाइकाची. माझ्यावाल्याला डबाच नव्हता, म्हणजे तो विषयच संपला, पण प्रोसेसर सहसा मरत नाही म्हणून तिथे मी डोकं लावलं नाही. फक्त मोबाइलचा टॉर्च लावून पिना बघितल्या. एएम४ मध्ये, म्हणजे एएमडीच्या ह्या सॉकेटवाल्यांत, १३३१ पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, एक वाकडी असली तर वॉरंटी असून नसल्यासारखीच, कारण वाकलेली पिन ही तुमची चूक धरतात. इंटेलमध्ये उलटं, पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये, तिथे बोर्ड घेताना बघायचं. बी४५० चा मदरबोर्ड मिळाला अडतीसशेला, जुना होता, वॉरंटी संपलेली, त्यानं तसं सरळ सांगितलं. मलाही तेच बरं वाटलं, खोटं तरी नाही बोलला.

एसएसडीचा किस्सा जरा मजेदार. काउंटरवर ५१२ जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी), सॅमसंगची, म्हणे पाच वर्षांची वॉरंटी, घ्या डोळे मिटून. मी डोळे उघडे ठेवून लेबल वाचलं तर पीएम सिरीजची निघाली. म्हणजे लॅपटॉपमधून काढलेला माल. असे ड्राइव्ह सॅमसंग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला विकते, वॉरंटी त्या लॅपटॉपची असते, ड्राइव्ह सुटा झाला की त्याला ना आई ना बाप. पाच वर्षं ही दुकानात सुट्या विकल्या जाणाऱ्या ईव्हो-प्रो वाल्यांना, आणि तिथेही पाच वर्षं किंवा डेटा लिहायची मर्यादा, जे आधी येईल ते. ८७० ईव्हो ५०० जीबी असेल तर ३०० टेराबाइट लिहून झाले की पाच वर्षं व्हायच्या आधीच वॉरंटी खल्लास. क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे ड्राइव्हची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर, लावून बघितलं तर हेल्थ ९६ टक्के, दिसायला एकदम तब्येतीत, पण पॉवर ऑन अवर्स, म्हणजे एकूण चाललेले तास, चौदा हजारच्या वर! चौदा हजार तास म्हणजे दिवसरात्र चालवला तरी दीड वर्षाच्या वर होतं. कोणाच्या तरी ऑफिसात न झोपता राबलेला जीव. ठेवला परत आणि एसएसडी नवीनच घेतली. सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस पण नवीन, १८ टक्के जीएसटीच्या पक्क्या बिलासकट, त्याच्यात मी जुनं घेत नाही म्हणजे नाही, तो गेला तर एकटा जात नाही, सोबत दोघा-तिघांना घेऊन जातो.

ग्राफिक्स कार्ड मात्र दुकानातून नाही घेतलं. तिथे आरटीएक्स ३०६० होतं, डबा पण होता, पण डब्यावरचा सिरीयल नंबर आणि कार्डावरचा वेगळा. मालक म्हणे डबा बदललेला दिसतो. असेल बाबा. पण सर्व्हिस सेंटरवाला बघणार कार्डावरचा नंबर, मग हा डबा काय दाणे भरायला नेऊ? शिवाय एका स्क्रूवरचं स्टिकर खरवडलेलं, म्हणजे कोणीतरी कार्ड उघडलेलं असणार. शेवटी विजय नगरच्या एका मुलाकडून घेतलं, पुण्याला नोकरी लागली म्हणून सगळं विकत होता. साडेपंधरा हजार, दुकानापेक्षा पाचशे जास्तच. पण त्याच्याकडे ऑगस्ट २०२३ चं बिल होतं, नंबर जुळत होता, तीन वर्षांच्या वॉरंटीतले आठ महिने बाकी होते. बिलाची तारीख बघून अजून एक समाधान झालं. इथेरियम ह्या क्रिप्टोचं मायनिंग, जे लोक ग्राफिक्स कार्डं दिवसरात्र चालवून करायचे, १५ सप्टेंबर २०२२ ला बंद पडलं, आणि तेव्हा मायनिंगमध्ये भाजून निघालेली कार्डं बाजारात ढिगानं आली होती. हे त्याच्या नंतरचं नवीन घेतलेलं, म्हणजे त्या भट्टीतून आलेलं नसणार. मी त्याच्याकडून बिलाच्या झेरॉक्सवर दोन ओळी लिहून घेतल्या की कार्ड मला विकलं, सही, तारीख. ह्याला कायद्यात किती वजन आहे देव जाणे, पण काउंटरवर रिकाम्या हातानं उभं राहण्यापेक्षा बरं. आणि त्याला म्हणलं, मोबाइल नंबर बदललास तर कळव रे बाबा, कारण काही कंपन्या पहिल्या मालकाच्याच नावावर अडून बसतात, तेव्हा हाच पोरगा कामाला येणार.

आता रॅम. आठ-आठच्या दोन पट्ट्या, एकाच ब्रँडच्या, एकाच रंगाच्या, चार हजार. बिल नाही, चिठ्ठीवर लिहून दिलं "८ बाय २, टेस्टिंग ७ दिन". लाइफटाइमवाली कंपनी म्हणून मी खूश. घरी लावलं, चाललं, त्या रात्री मामा-भाचे सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू खाऊन आलो, पार्टी माझ्याच खिशातून अर्थात.

तेविसाव्या दिवशी निळी स्क्रीन. परत चालू केला, परत निळी. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावला तर दुसऱ्या फेरीतच लाल लाल एरर. एकेक पट्टी काढून बघितली, एक ठणठणीत, एक गेलेली. म्हणलं काय हरकत आहे, लाइफटाइम आहे ना! कंपनीच्या साइटवर जाऊन तक्रार टाकली, फोटो टाकले, दोन दिवसांत उत्तर आलं, एकदम नम्र भाषेत. एक तर बिल द्या. आणि दुसरं, हा मॉड्यूल (म्हणजे पट्टी) किटमधला, म्हणजे जोडी म्हणून एकत्र विकलेला आहे, त्याची जोडीदार पट्टी पण पाठवा. मी म्हणलं आहे की जोडी. नंबर टाकले तर म्हणे ही त्याची जोडी नाहीच.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझ्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या किटमधल्या होत्या. किट म्हणून विकलेली रॅम बऱ्याच कंपन्या दोन्ही एकत्र आल्याशिवाय बदलून देत नाहीत, आणि दुकानदार तर कोणाला एक पायजे, कोणाला दोन, तसं फोडून विकत असतो. माझ्या गेलेल्या पट्टीची खरी जोडीदारीण आत्ता अन्नपूर्णा नाहीतर उज्जैनला कोणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये सुखानं नांदत असणार. लाइफटाइम वॉरंटी होती हो, पण अर्धी माझ्याकडे अर्धी त्याच्याकडे. आणि बिल असतं तरी अटींमध्ये "मूळ खरेदीदार" हा शब्द बसलेलाच होता, मी तिसरा की चौथा कोण जाणे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर पाठ आहे मला, पण चिठ्ठी घेऊन त्यांना काय सांगणार, सात दिवस लिहिलंय आणि पट्टी गेली तेविसाव्या दिवशी.

तोंड पाडून दुकानात गेलो. भांडायच्या तयारीनं गेलो खरं म्हणजे, ताईला काय तोंड दाखवू असं झालेलं. मालकानं पट्टी बेंचवर लावली, एरर बघितली, चिठ्ठी बघितली, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "भिया, सात दिन तो कब के हो गए." मी किटची सगळी कथा सांगितली, त्यालाही हे माहीत नव्हतं की माहीत नसल्याचं दाखवलं, ते कळायला मार्ग नाही. मग ड्रॉवर उघडून दुसरी पट्टी काढली, दुसऱ्या ब्रँडची, तीनशे रुपये वर घेतले आणि दिली. चहा पण पाजला. ज्या कंपनीनं लाइफटाइम छापलं तिनं हात वर केले आणि ज्यानं सातच दिवस सांगितले होते त्यानं तेविसाव्या दिवशी गेलेली पट्टी बदलून दिली. भाचा म्हणे, "मामा, म्हणजे वॉरंटी ह्या काकांचीच होती." बरोबर आहे, पण काकांचा मूड नसता तर गेलेच होते दोन हजार.

रेटिंग म्हणाल तर पाचात साडेतीन. एक मार्क पक्कं बिल न देण्याचा कापला, अर्धा त्या "लाइफटाइम है" चा, हे वाक्य त्यानं बंद केलं पायजे. किंवा निदान किट न फोडता विकावं, डब्यासकट. तुम्ही घेत असाल तर दोन्ही पट्ट्यांचे सिरीयल नंबर तिथेच बघा, एका किटचे बहुतेक वेळा लागोपाठचे असतात, आणि पैसे द्यायच्या आधी मोबाइलवरून कंपनीच्या साइटवर टाकून बघा, हार्ड डिस्कला तर हे हमखास करा, सीगेट आणि डब्ल्यूडी दोघांच्या साइटवर नंबर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते दिसतं. अख्खा डेलचा कॉम्प्युटर घेणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे वॉरंटी सर्व्हिस टॅगला, म्हणजे मशीनवरच्या डेलच्या नंबरला, चिकटलेली असते आणि मालकी ऑनलाइन बदलून घेता येते, फक्त आधीच्या मालकाची माहिती लागते, ती आधीच मागून ठेवा.

आणि शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. कॉलेजच्या पोरांची एवढी गर्दी असते की टेस्टिंगचा बेंच रिकामा मिळत नाही, आणि मग तो म्हणतो घरी जाऊन लावून बघा.