लिनक्स मिंट, ८ जीबी रॅम, नऊ महिने: आधी 'अव्हेलेबल' बघा, मग पैसे काढा

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तो हळू चालतोय म्हणून नऊ महिन्यांपूर्वी पुण्यात तापकीर गल्लीतल्या एका दुकानात दाखवला. काउंटरवरच्या मुलाने टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं, 'फ्री' या रकान्याखालच्या ३०० एमबीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, रॅम संपलीये. अजून ८ जीबी टाका, २,४०० होतील." पैसे न देता मी कोथरूडला परत आले. त्या एका आकड्यावरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. मिंट कसं दिसतं, कसं बसवायचं, त्यात शिरत नाही.

घरी 'फ्री -एच' ही मेमरीचा हिशेब दाखवणारी कमांड दिली. एकूण ७.६, यूज्ड ३.१, फ्री ०.३, बफ/कॅश ४.६ आणि पार उजवीकडे, शेवटच्या रकान्यात, अव्हेलेबल, म्हणजे प्रोग्रामना मिळू शकणारी रॅम, ४.५ जीबी. निम्म्याहून जास्त रॅम हाताशी होती! लिनक्स मोकळ्या रॅममध्ये डिस्कवरून वाचलेल्या फायली धरून ठेवतं, हीच कॅश, आणि प्रोग्रामला जागा लागली की सोडून देतं. सगळी कॅश मात्र सुटत नाही. शेअर्ड मेमरीही (प्रोग्राम आपापसात वाटून वापरतात ती) तिच्यातच मोजली जाते, म्हणून ४.६ आणि ०.३ ची बेरीज तशीच्या तशी अव्हेलेबलमध्ये येत नाही. अव्हेलेबलचा हा अंदाज २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच काढून देतं. इतका कामाचा आकडा शेवटी आणि घाबरवणारा 'फ्री' त्याच्या आधी, हे मला मुळीच पटत नाही. रॅम विकणाऱ्याला आयतंच फावतं.

मध्यंतरी एका ओळखीच्यांनी दर तासाला कॅश रिकामी करणारी कमांड लावून दिली. 'फ्री'चा आकडा झकास वाढला. पण जुन्या हार्ड डिस्कवर चार सेकंदांत उघडणारं लिब्रेऑफिस अकरा सेकंद घ्यायला लागलं, कारण सगळं पुन्हा डिस्कवरून वाचावं लागत होतं. आठवड्यात ती कमांड काढून टाकली.

इथवर माझं ठाम मत होतं की ८ जीबी कोणालाही पुरते. जूनमध्ये ते बदललं. आजोबांच्या हस्तलिखित वह्या स्कॅन करून गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्राममध्ये साफ करत होते, शेजारी फायरफॉक्स उघडा. माउस जागच्या जागी थिजला. दुसऱ्या दिवशी तेच काम 'व्हीएमस्टॅट १' ही मेमरीची हालचाल दर सेकंदाला दाखवणारी कमांड चालू ठेवून केलं, तर एसआय (स्वॅप-इन) आणि एसओ (स्वॅप-आउट) हे दोन रकाने दर सेकंदाला हजारोंनी पळत होते. स्वॅपमध्ये, म्हणजे रॅम कमी पडली की वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेत, मेमरीचे तुकडे आत-बाहेर चालले होते, म्हणजे रॅम या वेळी खरोखर कमी पडत होती.

आधी संशय फायरफॉक्सवर. एचटॉप या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या प्रोग्राममधला त्याच्या सगळ्या प्रोसेसचा रेस रकाना (प्रत्येकीने व्यापलेली रॅम) बेरजेला घेतला, तर चार जीबी! पण या प्रोसेस जी मेमरी वाटून घेतात ती रेसमध्ये प्रत्येकीच्या नावावर पुन्हा पुन्हा धरली जाते. 'एसमेम' या दुसऱ्या कमांडमधला पीएसएस रकाना ती वाटून मांडतो, त्यात सव्वादोन जीबीच निघाली. खरा खादाड गिंप होता. ६०० डीपीआयचं (इंचाला ६०० ठिपके) एफोर पान म्हणजे जवळपास साडेतीन कोटी पिक्सेल. रंगीत असलं तर एका लेयरचेच (चित्राच्या एका थराचेच) शंभरेक एमबी होतात, वर अनडूसाठीचा साठा, आणि मी एका वेळी दहा-बारा पानं उघडत होते.

वह्या काळ्या शाईतल्या. ग्रेस्केलमध्ये (फक्त करड्या छटांत) स्कॅन करायला लागले, तेव्हा पान एक तृतीयांशावर आलं. एका वेळी तीनच पानं उघडते. त्यानंतर मशीन एकदाही थिजलं नाही.

काम करताना तुमचा अव्हेलेबल सतत तळाला असेल आणि एसआय-एसओ थांबत नसतील, तर रॅम जरूर घ्या. माझ्या स्वॅपमध्ये आत्ताही ७०० एमबी पडून आहे, पण दोन्ही रकाने शून्यावर आहेत, म्हणून मी तिकडे लक्ष देत नाही. ते २,४०० बाजूला ठेवलेत, पुढच्या महिन्यात त्यात थोडी भर घालून एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घेणार आहे.