ब्रेक दाबला की हँडल थरथरायचं: टेपर रोलर कोनसेट, सहा महिन्यांनंतर

बाईकला टेपर रोलर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) टाकून सहा महिने होत आले, अख्खा पावसाळा त्याच्यावर गेला, म्हणून आता लिहितोय. पुढचा ब्रेक दाबल्यावर हँडल थरथरलं की गॅरेजवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, डिस्क वाकलीय, बदलून टाका. दरवेळी डिस्कच असते असं नाही हो.

माझ्या ३५० सीसीचं हँडल ५० वरून ३० ला येताना खडखडायचं, ताम्हिणी उतरताना तर हाताला मुंग्या. पण लिव्हर बोटाखाली एकदम शांत! इथेच अर्धं निदान होतं. डिस्कची जाडी कमीजास्त असेल किंवा पॅडचं मटेरियल एखाद्या जागी चिकटून बसलं असेल तर लिव्हर बोटाला मागे ढकलतो, आणि तेही चाकाच्या फेऱ्यांच्या तालात. १९ इंची चाकाचा घेर दोन मीटरच्या किंचित वर, म्हणजे ६० ला सेकंदाला साधारण ८ फेरे, स्पीड उतरला की धक्केही सावकाश होत जातात. माझ्याकडे तसं काहीच नव्हतं.

तरी खात्री करायची होती. भोसरीत कारखान्यात क्वालिटीला असलेला मित्र डायल गेज (बारीक फरक मोजायचं काटेवालं यंत्र) घेऊन आला. शॉकअपचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा, त्याला मॅग्नेटचा स्टँड चिकटतोय कुठे, शेवटी जड लोखंडी व्हाइस चाकाशेजारी ठेवला नि त्यावर स्टँड लावला. रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क बाजूला किती डुलते ते, आला ०.०८ मिमी. बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिमिट ०.३ च्या आसपास असतं. मायक्रोमीटरने फिरवून फिरवून जाडी बघितली, फरक नावालाच. डिस्क निर्दोष.

मग मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली जॅक लावला, पुढचं चाक अधांतरी, आणि शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवले तर कट्ट कट्ट. हँडल हळू फिरवलं की बरोब्बर मधोमध अडकायचं. आपल्या खड्ड्यांत सरळ जाताना जुन्या कोनसेटचे बॉल एकाच जागी रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) आदळत राहतात, तिथे खळगे पडतात. त्यात प्ले (ढिलेपणा) आला की ब्रेकच्या जोराने सगळी टी (शॉकअप धरून ठेवणारा भाग) मागेपुढे हलते.

म्हणून टेपर रोलर टाकले. त्यात बॉलऐवजी निमुळते रोलर असतात, टेकायला बिंदूऐवजी रेघ मिळते, त्यामुळे मार वाटला जातो. बसवल्या दिवसापासून थरथर गायब, ओव्हरलोड डबलसीटवरसुद्धा. पण फुकट काही मिळत नाही. ट्रॅफिकमध्ये हँडल थोडं जड वाटतं. रेस बसल्या की ढिलं पडतं, पहिल्या हजार किमीच्या आत परत टाईट करून घ्यावं लागलं, आणि तिथे पोरगा जोरात पाना मारून मोकळा झाला, मग कमी स्पीडला गाडी दारू प्यायल्यासारखी डुलायला लागली. चाक उचललेलं असताना हँडल हलकं ढकललं की आपोआप दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे, एवढाच टाईट. केबल ताणलेली असेल तर हा अंदाज चुकतो, ते बघा.

पावसाळ्यानंतर खालचं बेअरिंग उघडलं, ग्रीस दुधाळ झालेलं पण गंज नाही. वॉशिंगवाल्याला प्रेशरचं पाणी तिथे मारू देऊ नका. १०० च्या वर अजून बारीक व्हायब्रेशन येतं, पण ते ब्रेक न लावताही येतं, टायर एका बाजूने झिजलाय, तो बदलल्यावर बघू.