गुडघ्याचा चुंबकीय पट्टा: कॉइल दणकट, मान कच्ची

पाचपैकी तीन तारे. दोन कापले, त्यातला एक केबलचा आणि एक पेटीवरच्या हिरव्या दिव्याचा.

इचलकरंजीत एकतीस वर्षं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं काम केलं. मागाची मोटार जळाली की मागवाला रात्री अकराला दार वाजवणार, सकाळच्या पाळीला माग चालू पाहिजे म्हणणार. त्यामुळे तांब्याची तार, वार्निश, स्लीव्ह आणि डाग (सोल्डरिंग) यातलं थोडंफार कळतं. गुडघ्यातलं कळत नाही, ते डॉक्टरांना विचारा.

पट्टा घेतला आमच्या सौ.साठी. दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलते. मुलानं पुण्याहून ऑनलाइन मागवला, १३,५०० रुपयांना. वेल्क्रोचा पट्टा, त्यात तळहाताएवढ्या दोन चपट्या कॉइली, गुडघ्याच्या दोन बाजूंना एकेक. तिथून सव्वा मीटर केबल कमरेला लावायच्या पेटीपर्यंत. पेटी थांबून थांबून करंट सोडते, कॉइलीभोवती तेवढ्यापुरतं चुंबकीय क्षेत्र होतं आणि मावळतं. न जुळणाऱ्या हाडासाठी असल्या उपकरणांना अमेरिकेत १९७९ मध्येच मान्यता मिळाली. झिजलेल्या गुडघ्याचं तसं छातीठोक सांगता येत नाही. काही अभ्यासांत फरक दिसतो, काहींत नाही. हे माहीत असून घेतला, तेव्हा त्यावरून भांडत नाही. कंपनीचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही.

खोकं उघडलं त्या दिवशी आधी मीटर लावलं. जुनी खोड. दोन्ही कॉइली सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या, पिनेवर रोध ८.२ ओहम. आकडा पेटीच्या पाठीवर मार्करनं लिहून ठेवला. "अहो, नव्या वस्तूवर कशाला खरडताय?" असं ऐकूनही घेतलं.

पट्ट्यासोबत एक चिमुकली चुंबकाची चकती येते. पट्टा चालू असताना कॉइलीवर धरली की बोटात थरथरते. दसऱ्याला मी स्वतः धरून बघितली होती, झकास थरथरत होती. दिवाळीला नातू आला आणि ती चकती घेऊन खेळायला लागला. थोड्या वेळानं म्हणतो, "आजोबा, आजीचा पट्टा मेलाय."

पेटीवर हिरवा दिवा लागलेला, दर वेळी टुणकन आवाज येणारा. मीटर लावलं तर सर्किट तुटलेलं. केबल पट्ट्यात शिरते तिथं दोन बोटांनी वाकवली, ८.२ आला. सोडली, गेला. म्हणजे दसरा ते दिवाळीत कधीतरी तार तुटली, आणि सौ. रोज अर्धा तास मेलेला पट्टा बांधून बसत होती. वर "आज जरा हलकं वाटतंय" असंही म्हणत होती. मी हे सांगितलं तर म्हणाली, "मग काय बिघडलं? अर्धा तास पाय वर करून निवांत बसायला तर मिळालं." यावर माझ्याकडे उत्तर नाही. तारे देताना हा मुद्दा बाजूला ठेवलाय.

राग त्या दिव्याचा आहे. तो फक्त पेटी चालू असल्याचं सांगतो. कॉइलीत करंट पोचतोय का, हे पेटी तपासतच नाही. साडेतेरा हजारांत एवढं तरी बसायला हवं होतं.

कंपनीला फोन केला. पेटीला वर्षाची वॉरंटी, केबल आणि पट्ट्याला तीन महिने. आमचा चौथा चालू. "सर, केबल वेगळी मिळत नाही, पूर्ण पट्टा घ्यावा लागेल, ४,२०० रुपये." मी म्हटलं बरं, आणि फोन ठेवून पक्कड घेतली.

उसवून बघितलं तर कॉइल बघून बरं वाटलं. वेढे एकसारखे, वार्निश नीट मुरलेलं, वर सिलिकॉनचा थर. मी भरली असती तर याहून चांगली भरली नसती. गोची सगळी मानेत. केबल पट्ट्यात शिरते तिथं कडक प्लास्टिकची टोपी, आणि टोपीच्या काठावरच तारा तुटलेल्या. एकच जागा, रोज वाकणारी. खिळ्याला बांधायची तार हातानं दोनचारदा इकडेतिकडे वाकवून आपण तोडतोच की, तांबंही वाकून वाकून कडक होतं आणि तुटतं. त्यात घाम शिरलेला. इन्सुलेशन सोललं तर आतल्या तारा हिरव्याकाळ्या. लालभडक तांबं लागेपर्यंत कापत गेलो, तीन इंच गेली.

म्हणून सगळी केबलच बदलली. सिलिकॉन इन्सुलेशनची, बारीक तारांची, दोन मीटर ९० रुपयांना. ही केबल थंडीतही मऊ राहते. डाग देताना राळेचं फ्लक्स (डाग नीट धरायला मदत करणारं) असलेलीच कथील-शिशाची तार घ्या. पत्रेवाले वापरतात ते ॲसिड लावलंत तर चार महिन्यांत तांबं खाल्लं जाईल. कथील कमी वापरा. जास्त झालं की ते इन्सुलेशनखाली चढतं, तेवढी तार काडीसारखी ताठ होते आणि पुढच्या वेळी नेमकी तिथंच मोडते. डागावर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), तिच्यावर तिच्याहून लांब दुसरी, म्हणजे ताठपणा हळूहळू कमी होत जातो. स्लीव्ह डाग द्यायच्या आधी तारेत ओवायची असते. एकतीस वर्षांचा अनुभव, तरी मी विसरलो. डाग परत सोडवला.

तारांचे रंग आधी कागदावर लिहून ठेवा. एक कॉइल उलटी जोडली गेली तर ओहम तेवढेच येतात, दिवाही लागतो, पण दोन्ही क्षेत्रं गुडघ्याच्या मध्यावर एकमेकांना मारतात. मी दीड व्होल्टचा सेल लावून होकायंत्रानं दोन्ही कॉइली तपासल्या.

सगळ्यात कामाची गोष्ट सौ.नं केली. मी म्हटलं, ओढ कापडावर यावी, डागावर येऊ नये. तिनं केबलला एक ढिला वळसा देऊन तो जाड दोऱ्यानं पट्ट्यावर टाचला. कंपनीनं एवढे चार टाके घातले असते तर हे लिहायची वेळच आली नसती.

आता आमच्या चुका. सौ. वापरून झाल्यावर केबल पेटीभोवती गच्च गुंडाळायची, मानेशी काटकोन करून. आता पसरट वेढे घेतो, एक सुलट, एक उलट. गणपतीत मांडववाल्यांची पोरं माइकची वायर अशीच गुंडाळतात, म्हणून त्यांची वायर पीळ न पडता वर्षानुवर्षं चालते. पिन काढताना केबल धरून ओढायची नाही, हे तिला सांगितलं. तिनं मला माझा मोबाइलचा चार्जर दाखवला.

दुसरं, तेल. आधी गुडघ्याला महानारायण तेल आणि लगेच वरून पट्टा. तेलानं साध्या केबलचं प्लास्टिक कडक होतं, मग चिरतं. आता मध्ये जुन्या धोतराचा सुती तुकडा असतो. कापडानं चुंबकीय क्षेत्र अडत नाही, घाम आणि तेल तेवढं टिपलं जातं. धुताना कॉइली काढून फक्त कव्हर धुवायचं.

तिसरं, जाहिरातीतलं "घालून फिरा, कामं करा" मनावर घेऊ नका. पट्टा बांधून उठबस केली की कॉइल गुडघ्यासोबत दुमडते, आणि कॉइलीची तार एकेरी असते, केबलसारखी अनेक तारांची नसते. ती आत तुटली तर मलाही भरता येणार नाही. स्टुलावर पाय ठेवून मालिका बघायची, तेवढ्या वेळात पट्टा.

महिन्यातून एकदा मीटर लावतो. वापरून लगेच मोजलं तर ८.५ दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तांबं तापलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के रोध वाढतो, कॉइल कोमट झालेली असते. गार असताना ७ च्या खाली आला तर मात्र आतले वेढे शॉर्ट झालेत, पट्टा लावू नका. थोरल्या भावाला पेसमेकर आहे; तो घरी आला की पट्टा कपाटात जातो. माझं चावीचं एचएमटी घड्याळही मी पट्ट्याजवळ ठेवत नाही.

घेणार असाल तर केबल दोन्ही टोकांना पिनेची, सुटी होणारी बघा. मान रबराची आणि निमुळती हवी. सुट्या केबलची किंमत पैसे द्यायच्या आधी विचारा.

दुरुस्तीला चौदा महिने झाले. आकडा अजून ८.२. गुडघा तिच्या मते बरा, माझ्या मते फिजिओथेरपीवाल्या बाईंनी शिकवलेल्या व्यायामानं बरा. परवा समोरच्या काकू त्यांचा पट्टा घेऊन आल्या, दुसऱ्याच कंपनीचा. "दिवा लागतोय हो, पण काही होत नाही." मी मीटर लावलं आणि केबलची मान दोन बोटांत धरून वाकवली. आकडा आला.