जुन्या झेनचा खिळखिळा गियर आणि उद्यमनगरातलं बिनबोर्डाचं गॅरेज

आमच्याकडं २००३ ची मारुतीची झेन एलएक्सआय आहे, आण्णांनी नवी घेतलेली, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. २०२३ ला पाच हजार भरून आरसी रिन्यू केली तेव्हा घरातल्या अर्ध्या लोकांनी मला वेड्यात काढलं होतं. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण गियरची दांडी गेली दोन-तीन वर्षं अशी झालेली की वरणात पळी फिरवल्यासारखी कुठंही फिरवा, कुठंच काही लागत नाही. गंमत म्हणजे आम्हाला घरात कुणाला ते जाणवतच नव्हतं. रोज थोडं थोडं ढिलं होत गेलं की हातही तसाच शिकत जातो. आण्णा तर रिव्हर्स टाकताना दांडी जरा उचलून, उजवीकडं कोपरानं रेटून, मग मागं ओढायचे आणि त्यांना वाटायचं झेनचा रिव्हर्स असाच असतो.

कळलं कधी, तर मेव्हणा गाडी घेऊन महाद्वार रोडला गेला आणि पार्किंगमधनं बाहेर काढता येईना म्हणून त्यानं फोन केला, "दाजी, रिव्हर्स कुठं ठेवलाय?" मी फोनवर त्याला उचल, रेट, ओढ असं सांगतोय आणि मागं लोकांचे हॉर्न ऐकू येतायत. त्या दिवशी हसलो सगळे. पण पुढच्या रविवारी पन्हाळ्याला जाताना वाघबिळाच्या पुढं चढाला तिसऱ्यावरनं दुसरा टाकायला गेलो आणि चौथा पडला, गाडी धापा टाकत बंद, मागं एसटी. तेव्हा काही हसू आलं नाही. आणि हे उलटं झालं तर जास्त बेक्कार, म्हणजे हायवेला पाचव्यावरनं चौथा टाकायला जावं आणि दुसरा पडावा, इंजिनची वाटच लागायची.

तर हा रिव्ह्यू ज्यांनी ते नीट केलं त्यांच्याबद्दल. गॅरेजचं नाव देता येत नाही कारण नावच नाही, बोर्ड नाही, शटरवर जुन्या ऑइलच्या जाहिरातीचा उडालेला रंग आहे तेवढाच.

त्याआधी मी एका मोठ्या वर्कशॉपला गेलो होतो, काचेचं ऑफिस, टोकन, कॉफी मशीन वगैरे. तिथल्या ॲडव्हायझरनं दांडी दोनदा हलवली, "सर गियरबॉक्स खोलावा लागेल" म्हणाला आणि चौदा हजारांचं एस्टिमेट हातात दिलं, प्लस खोलल्यावर जे निघेल ते. गाडीखाली कुणी वाकून पण बघितलं नाही. जुनी गाडी दिसली की खोला नाहीतर विका, तिसरं काही सुचतच नाही यांना.

मग ऑफिसातल्या एकानं उद्यमनगरातल्या या मामांचं सांगितलं. साठीच्या आसपासचे असतील, कानाला पेन्सिल, बोलायचं कमी. मी जाऊन लगेच सांगायला लागलो की गियरबॉक्स गेलाय म्हणतायत, तर म्हणाले, "ऱ्हावू दे वो, कोण काय म्हणलं ते. तुम्हास्नी काय जाणवतंय ते सांगा." आणि मग प्रश्न विचारले, ते मला फार आवडलं. थंड गाडीत जास्त त्रास की गरम झाल्यावर? इंजिन बंद असताना गियर पडतात का? पडलेला गियर आपोआप निसटतो का? आवाज येतो का, आणि येतो तर कुठल्या गियरला? यातल्या निम्म्याची उत्तरं मला देता आली नाहीत, आपण रोज चालवतो आणि बघत काहीच नाही.

मग स्वतः बसले. इंजिन बंद ठेवून पहिल्यापासनं पाचव्यापर्यंत सगळे गियर टाकून बघितले. मग चालू करून तेच. म्हणाले, बंदमध्ये लोण्यासारखे पडतात आणि चालूमध्ये अडतात असं असेल तर दोष गियरचा नाही, क्लच पुरता सुटत नाही, केबल ओढून घ्यायची नाहीतर प्लेटा बघायच्या. आमच्यात तसं नव्हतं, दोन्हीकडं सारखाच गोंधळ. तरी खात्रीसाठी त्यांनी आणखी एक केलं, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबले आणि मग रिव्हर्स टाकला. रिव्हर्सला बाकीच्या गियरसारखी सिंक्रोची रिंग (गियर पडताना वेग जुळवून घेणारी पितळी कडी) नसते, त्यामुळं क्लच थोडा जरी ओढत असेल तर रिव्हर्स कर्रर्र करून चुगली करतो. आवाज आला नाही. म्हणजे दोष क्लचचा नव्हता. वीस वर्षं गाडी चालवतोय, ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

मग तिसऱ्यात टाकून दांडी आडवी हलवली. गियर पडलेला असताना दांडी जेमतेम बोटभर हलायला पाहिजे, आमची इकडून तिकडं चांगली तीन-चार बोटं डुगडुगत होती. मामा म्हणाले हे आतलं न्हवं, हे वाटंतलं हाय. म्हणजे गियरबॉक्स वेगळा आणि आपल्या हातातली दांडी वेगळी, मधे गाडीच्या पोटाखालनं रॉड जातात, एक रॉड दांडीची हालचाल गियरबॉक्सपर्यंत नेतो आणि दुसरा दांडीच्या बैठकीला गियरबॉक्सशी बांधून ठेवतो, म्हणजे इंजिन हललं तरी दोन्ही एकत्र हलावेत. या रॉडांच्या सांध्यांना प्लास्टिकचे बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, असतात. खाली एकेका सांध्याला मिलिमीटर-दीड मिलिमीटर ढिलाई, असे तीन-चार सांधे, आणि ते सगळं वर नॉबपर्यंत येताना लांब दांडीमुळं वाढत वाढत येतं.

गाडी खड्ड्यावर घेतली आणि मला म्हणाले, उतरा खाली. मी ऑफिसचे कपडे घालून गेलेलो, तरी उतरलो. वर त्यांच्याकडचा पोरगा सीटवर बसून दांडी हलवत होता आणि मामांनी माझा हात धरून गियरबॉक्सकडच्या सांध्यावर ठेवला. बुशच्या आत बोल्ट टक् टक् करत इकडून तिकडं आपटत होता आणि पलीकडचा तुकडा ढिम्म हलत नव्हता. बोटाला ते इतकं स्पष्ट लागलं की पुढं कुणी समजावून सांगायची गरजच उरली नाही. चौदा हजारांचं एस्टिमेट खिशात होतं, आणि दोष माझ्या दोन बोटांच्या चिमटीत.

बोल्ट काढला. बुश म्हणजे चोखून टाकलेली आंब्याची कोय, गोल भोक पार लांबट झालेलं आणि एका बाजूनं चिरलेलं. पण मामांनी बुशपेक्षा बोल्ट जास्त वेळ निरखला, नखानं चाचपून मला दाखवला, मधोमध खाच पडलेली होती. म्हणाले बरेच जण इथं नुसता बुश बदलून देतात, महिनाभर बरं वाटतं आणि परत तेच, कारण खाच पडलेला बोल्ट नव्या बुशला पण खातो.

स्पेअरपार्टच्या दुकानातनं किट मागवलं, ते लोकल निघालं, बोल्टवर चढवलं तर नवीनच डुगडुगायला लागलं. मामांनी ते तसंच परत पाठवलं आणि दोन गाळे सोडून लेथ, म्हणजे तासायचं मशीन, आहे तिथं पोराला पिटाळलं. कोल्हापूरचं हे एक सुख आहे बघा, उद्यमनगरात कुठल्याही गल्लीत उभं राहून दगड मारला तर तो लेथवाल्यालाच लागतो. नायलॉनच्या रॉडमधनं बुश टर्न करून आणला. मी शहाणपणा करून विचारलं की पितळेचा का नाही करत, आयुष्यभर टिकेल. तर म्हणाले टिकेल की, पण पितळ कडक, इंजिनची सगळी थरथर दांडीत येणार, हातात झांज धरून बसल्यासारखं वाटेल. नायलॉन झिजतं पण गप बसतं.

एवढ्यावर थांबले असते तरी मी खूश होतो. पण त्यांनी पोराला ब्रेक दाबून धरायला लावला आणि क्लच थोडा थोडा सोडत पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून द्यायला लावला आणि बॉनेट उघडून बाजूला उभं राहून बघत बसले. इंजिन उठून बसत होतं अक्षरशः. गियरबॉक्सकडच्या माउंटिंगचं, म्हणजे इंजिन-गियरबॉक्स जागेवर धरून ठेवणाऱ्या बैठकीचं, रबर फाटलेलं. त्यामुळंच ॲक्सिलेटर सोडला की दांडी पुढं-मागं धक्का खायची, ते मी इतकी वर्षं गाडीचा स्वभाव समजत होतो. ते बदललं. दांडीच्या बुडाशी जो गोळा असतो त्याची प्लास्टिकची वाटी चांगली होती, फक्त जुनं ग्रीस वाळून मेण झालेलं आणि वरचा रबरी बूट फाटल्यामुळं त्यात माती. साफ करून नवं ग्रीस भरलं.

गियर ऑइल पण बदललं, काढलेलं ऑइल मामांनी दोन बोटांत चोळून उन्हात धरलं. त्यात बारीक पितळी चमक होती, सोनेरी भुकटी घातल्यासारखी. "सेकंडची रिंग झिजतीया. आत्ता खोलायची गरज न्हाई, सकाळी थंड गाडीत दुसरा टाकताना घाई करू नका. कर्रर्र व्हाया लागलं की मग या." चौदा हजारवाल्यांनी हेच ऐकवून गियरबॉक्स उतरवला असता. ऑइल ७५डब्ल्यू-९० जाडीचं घातलं, डब्यावर जीएल-४ हा प्रकार लिहिलाय का ते पोराला दोनदा वाचायला लावलं, कारण जीएल-५ मधल्या काही ऑइलांतलं गंधक पितळेच्या रिंगांना मानवत नाही म्हणे. रिंग आधीच दमलेली, त्यात आणखी छळ कशाला.

आता तक्रारी, कारण सगळं गोड गोड लिहिलं तर मामा माझे सख्खे मामा आहेत असं वाटेल.

पहिली म्हणजे वेळ. "दोन वाजता या" म्हणजे पाच. फोन उचलत नाहीत, पोरगा उचलतो आणि "झालंच" म्हणतो. मी पोचलो तेव्हा माझ्या गाडीखाली कुणीच नव्हतं, सगळे एका टेम्पोच्या मागं लागलेले.

दुसरी, लेथवरनं आलेला पहिला बुश फार टाइट बसवला होता. तिथं हलवून बघितलं तेव्हा मस्त वाटलं, घट्ट, नवी गाडी. पण घरी जाताना दसरा चौकात सिग्नलला थांबलो आणि पहिला पडेना. न्यूट्रलला सोडली की दांडी आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमध यायला पाहिजे, ती जिथं सोडाल तिथंच उभी. घाम फुटला. तसाच दुसऱ्यात उचलून घरी नेली आणि सकाळी परत घेऊन गेलो. मामांनी काही वाद घातला नाही, "जास्त बसला व्हय" एवढंच म्हणाले, बुश काढून आतनं पॉलिश पेपर फिरवला, बोल्ट घालून बोटानं फिरवून बघितला, परत काढला, परत घासला, असं तीन वेळा. अर्धा तास, पैसे घेतले नाहीत. पण हे आदल्या दिवशी एक चक्कर मारून बघितलं असतं तर माझी हाफ डे वाचली असती. तुम्ही गेलात तर गाडी ताब्यात घेताना मामांना शेजारी बसवून एक राउंड मारा, रिव्हर्ससकट.

तिसरी, सीटवर ग्रीसचा हात उमटलाय, पाची बोटं. बायकोनं अजून ते माफ केलेलं नाही.

बिल विचाराल तर, बिल असं मिळत नाही, सिगरेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं हिशोब. लेथ २५०, बोल्ट आणि सर्क्लिप (लॉकची रिंग) ६०, माउंटिंग ९५०, ऑइल ९००, मजुरी ७००. झाले २८६०, घेतले २८००. कंपनीकडनं बिल लागतं अशांनी इथं जाऊ नये, जीएसटी वगैरे विषयच काढू नका.

आता तीन महिने झाले. दांडी आडवी बोटभर हलते, तेवढी हलायलाच पाहिजे असं मामांचंच म्हणणं. गेल्या महिन्यात परत पन्हाळा केला, त्याच चढाला मुद्दाम तिसऱ्यावरनं दुसरा टाकला, न बघता पडला. रिव्हर्स अजून कधी कधी दोनदा टाकावा लागतो, एकदा क्लच सोडून परत दाबला की पडतो, ते या गाड्यांचं असतंच. सकाळी पहिल्या किलोमीटरला दुसरा जरा कुरकुरतो, तो सांगितलेलाच. एकटे आण्णा नाराज आहेत. उचलून-रेटून-ओढून रिव्हर्स टाकायची सवय झालेली, आता सरळ टाकला की पडतो तर त्यांना खात्रीच वाटत नाही, पडला की नाही बघायला मान खाली घालून नॉबकडं बघतात आणि म्हणतात, "कडक करून ठेवलंय त्या मिस्त्रीनं."

जायचं तर सकाळी दहाच्या आत जा, टेम्पोवाले यायच्या आधी. जुने कपडे घालून जा, खड्ड्यात उतरवतातच. आणि सोमवारी बंद असतं, मी एकदा सोमवारी जाऊन शटरवरची ऑइलची जाहिरात वाचून परत आलोय.