लोकअदालतीतलं बँकेचं टेबल आणि सरकारी खर्चाचा वकील

ज्यांचं कर्ज थकलंय त्यांच्यासाठी लिहितेय, बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चारदा, शनिवारी भरते. त्याआधी बँका थकबाकीदारांना नोटिसा धाडतात, तशी मलाही आली. वर न्यायालयाचं नाव, खाली गोल शिक्का, मधे 'दाखलपूर्व प्रकरण' आणि नंबर. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. खरं तर तोवर दावा दाखलच झालेला नसतो, कोर्टात जाण्याआधी बोलून मिटवूया एवढंच बँकेचं म्हणणं असतं. गेला नाहीत म्हणून वॉरंट निघत नाही. वसुलीवाला फोनवर नेमकं उलटं सांगतो, तेही रात्री साडेआठला. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नसतात. हे ऐकवल्यावर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्हाला वरून टार्गेट असतं." त्याचंही पोटच आहे म्हणा.

या सगळ्यात पाचपैकी पाच गुण द्यावेत ते वकील मॅडमना. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बायकांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. माझं फॉल-पिकोचं दुकान बऱ्यापैकी चालतं, तरीही मला मिळाला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एक अर्ज, आधारची झेरॉक्स आणि नोटिशीची प्रत दिली, बस. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. नोटीस त्यांनी बाजूला ठेवली आणि आधी खातेउतारा मागितला. मग पेन्सिलीने एकेक ओळ खुणावत गेल्या: इथे दंडव्याज लावलंय, इथे ते मुदलात मिळवलंय, इथे त्यावर परत व्याज. माझं कर्ज जून २०२४ मधलं. एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना हे चालत नाही. हप्ता चुकल्याचा वाजवी आकार घेता येतो, पण तो व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्यावर पुन्हा व्याजही चढवायचं नाही. बँक ९६ हजार मागत होती. पेन्सिलीच्या खुणांची बेरीज ९ हजारांवर गेली.

लोकअदालतीच्या दिवसाला मात्र तीनच गुण. हॉलमध्ये टेबलांची रांग, नंबर कुठल्या क्रमाने पुकारतात ते देवालाच ठाऊक. समोर बँकेचा अधिकारी असेल म्हणून गेले, तर बसला होता वसुली एजन्सीचा माणूस, आणि हजार-पाचशे कमी करायलाही तो फोन घेऊन व्हरांड्यात जायचा. "आज साठ हजार भरा, खातं बंद," म्हणाला. ऐकायला गोड वाटतं. पण अशा खात्यावर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता मिटवलं) असा शेरा पडतो, आणि मला पुढच्या वर्षी कर्ज काढून ओव्हरलॉकचं मशीन घ्यायचंय. म्हणून आम्ही घासाघीस उलटीकडून केली: दंडव्याज वगळून ८७ हजार, हप्त्यांनी, आणि तडजोडनाम्यात 'कर्जाची पूर्ण फेड' असे शब्द. तासभर गेला, पण मानलं.

तडजोडनामा छापील असतो, मधे मोकळ्या जागा. त्यातली बारीक अक्षरातली एक ओळ अशी होती की एक हप्ता चुकला तरी संपूर्ण रक्कम एकदम वसूल करता येईल. मॅडमनी तिथेच पेनाने '१५ दिवसांची सवलत' घालून घेतली, दोन्ही बाजूंच्या सह्यांसकट. सही झाली की त्याचा निवाडा होतो, त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं आणि त्यावर अपील नाही. उलट सही नाही केली तर पॅनल काहीही लादू शकत नाही, फार तर बँक पुढे दावा लावेल. पॅनलवरच्या न्यायाधीशांनी मला "कुणी दबाव आणला का?" असं विचारलं, ते मला आवडलं. गर्दीमुळे प्रत्येकाला विचारत असतील असं वाटत नाही.

शेजारच्या टेबलावर एक काका पाच वर्षांपूर्वीच्या विनातारण कर्जासाठी आले होते, वकिलाविना. अशा कर्जाच्या दाव्याची मुदत शेवटच्या भरण्यापासून किंवा लेखी कबुलीपासून तीन वर्षं. मधे काही भरलं नसेल आणि लिहूनही दिलं नसेल, तर तडजोडनाम्यावरच्या सहीनेच मुदत संपून मेलेलं कर्ज जिवंत होणार होतं. एजंट त्यांना "दोन हजार टाका, प्रामाणिकपणा दिसू द्या," असं समजावत होता. मॅडम उठून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलून आल्या. काका पिशवी उचलून निघून गेले.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र माझा अनुभव कामाचा नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला काढते, दिवाणी दाव्याची गरज नसते आणि जामीनदारही त्यात ओढला जातो.

निवाड्याची प्रत पक्षकाराला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय हॉल सोडू नका. माझे अजून दोन हप्ते बाकी आहेत, ते फिटले की बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र. वकिलासाठी १५१०० वर फोन करा, पण नोटीस आल्या आल्या. आदल्या दिवशी गेलात तर खातेउतारा वाचायला कुणालाच वेळ नसतो.